खुबा एक, एस्टिमेटं तीन

कट्ट्यावर भांडण लागायला राजकारणच लागतं असं नाही. परवा दिल्याचा उजवा खुबा पुरला.

सांध्यातली गादी, म्हणजे कूर्चा, पार झिजलीय, एक्स-रेमध्ये हाडाला हाड टेकलेलं दिसतं, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही आणि मोजा चढवायला दुसरं माणूस लागतं. खुबा बदलायचं ऑपरेशन करायचं हे नक्की. कुठे करायचं यावरून मात्र घरात दोन तट पडलेत, म्हणून त्याने तीन हॉस्पिटलांची एस्टिमेटं आणून आमच्यापुढे टाकली. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यांच्यात जवळजवळ तिपटीचं अंतर. तिसरं परदेशातलं. रक्कम या दोघांच्या मधली, पण त्यात विमानतळावरून ने-आण आणि सोबतच्या माणसाची राहण्याची सोयही धरलेली.

"यात विचार कसला करतोस?" वसंता म्हणाला. "महागवाल्यांकडे रोबोट आहे. पाच रात्री स्वतंत्र खोली आहे. शरीराच्या बाबतीत कंजूषपणा करू नये."

मध्याने तोवर स्वस्तवाला कागद उचलला होता. हयात ऑडिटमध्ये गेलेला माणूस. बेरीज नंतर बघतो, आधी तळटीप वाचतो.

"अरे, हे एस्टिमेट नाहीच," तो म्हणाला. "खाली काय लिहिलंय बघ. इम्प्लांट, म्हणजे आत बसवायचा तो कृत्रिम सांधा, प्रत्यक्ष किमतीनुसार. भूलतज्ज्ञ वेगळा. रक्त, औषधं, आयसीयूत ठेवावं लागलं तर ते, सगळं वेगळं. म्हणजे यांनी तुला खोलीचं भाडं आणि सर्जनची फी तेवढी सांगितलीय."

"मग खरा आकडा किती?"

"तो त्यांनाही माहीत असेल असं समजू नकोस."

मध्या हे चिडून बोलला, पण त्यात तथ्य आहे. अमेरिकेत काही संशोधकांनी नेमकं हेच करून पाहिलं होतं आणि २०१३ साली ते छापून आलं. त्यांनी तिथल्या १२२ हॉस्पिटलांना फोन लावले. आजीचा खुबा बदलायचाय, वय ६२, विमा नाही, सगळा खर्च आम्हीच करणार, एकूण किती येईल? नावाजलेल्या २० हॉस्पिटलांपैकी ९ जणांनी सर्जनच्या फीसकट पूर्ण आकडा दिला. उरलेल्या १०२ पैकी फक्त १० जणांनी. आणि जे आकडे हाती आले ते ११,१०० डॉलरपासून १,२५,७९८ डॉलरपर्यंत. तोच खुबा, तीच काल्पनिक आजी. बऱ्याच ठिकाणी हॉस्पिटलला एक फोन आणि डॉक्टरला दुसरा फोन करून बेरीज स्वतःच करावी लागली. हे मी सांगितल्यावर मध्याचा चेहरा असा खुलला की जणू अभ्यास त्यानेच केला होता.

"म्हणजे महाग तेवढं चांगलं, असं काही नाही," दिल्या म्हणाला.

"आणि स्वस्त तेवढं वाईट, असंही नाही," शिर्के इतका वेळ गप्प होता, तो आता सरसावला. शिर्के अनेक वर्षं इम्प्लांट विकायच्या धंद्यात होता. ऑपरेशन थिएटरमध्ये ट्रे घेऊन उभं राहणं हे त्याचं काम, त्यामुळे आमच्यात खुबा उघडा पाहिलेला तो एकटाच. "इम्प्लांटचं नाव लिहून मागितलंस का? मांडीच्या हाडात जाते ती दांडी, तिच्यावरचा बॉल, वाटी आणि वाटीतलं अस्तर. चारही भागांची कंपनी आणि मॉडेल. नुसतं 'इम्पोर्टेड' लिहिलं असेल तर तो कागद परत दे."

तिघांपैकी एकानेच मॉडेल लिहिलं होतं, आणि ते परदेशातलं. वसंताने लगेच उचल खाल्ली, "महागवाले सगळ्यात नवीन मॉडेल घालतात म्हणे."

"नवीन?" शिर्के तडकलाच. मग तो चार्नलीपासून सुरू झाला. त्याला थांबवणं अवघड असतं, पण या वेळी थांबवावंसं वाटलं नाही. आज जो खुबा बसवतात त्याचा मूळ आराखडा जॉन चार्नली या इंग्रज सर्जनचा, राइटिंग्टनच्या हॉस्पिटलातला. धातूचा छोटा बॉल, प्लास्टिकची वाटी, आणि हाडात पक्कं बसवायला सिमेंट. त्याने आधी वाटी टेफ्लॉनची केली होती. ती अक्षरशः झिजून गेली, शेकडो रुग्णांची पुन्हा ऑपरेशनं करायची पाळी आली. मग १९६२ मध्ये त्याने पॉलिइथिलीन वापरलं आणि ते टिकलं. पुढे नव्वदीच्या शेवटी पॉलिइथिलीनवर प्रक्रिया करून ते आणखी चिवट केलं गेलं, झीज खूपच कमी झाली. आता बहुतेक ठिकाणी धातूचा किंवा सिरॅमिकचा बॉल आणि हे सुधारित प्लास्टिक, अशी जोडी असते.

"आणि मध्ये एक लाट आली होती," शिर्के म्हणाला. "बॉलही धातूचा, वाटीही धातूची. तरुण, धावपळ करणाऱ्या पेशंटसाठी एकदम आधुनिक, म्हणे आयुष्यभर टिकणार. धातूवर धातू घासून कोबाल्टचे कण रक्तात जायला लागले, सांध्याभोवतीचं मांस खराब व्हायला लागलं. त्यातलं एएसआर नावाचं मॉडेल २०१० मध्ये जगभरातून मागे घेतलं, तेव्हा ते साधारण ९३ हजार लोकांना बसवून झालेलं होतं. त्या लोकांनी तेव्हा नवीनच निवडलं होतं, वसंतराव."

वसंताला 'वसंतराव' म्हटलं की समजायचं, प्रकरण तापलंय.

"मग रोबोटही फसवाच का?"

"फसवा नाही. वाटी ठरलेल्या कोनात बसवायला मदत करतो. पण रोबोटने बसवलेला खुबा जास्त वर्षं टिकतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही. चांगल्या सर्जनच्या हातात ते एक अवजार आहे. कच्च्या हातात दिलं तर तो हात पक्का होत नाही."

टिकण्याचा विषय निघाला तसा दिल्या घाबरला. त्याचं वय अजून साठीच्या आतलं. सांगण्यासारखे आकडे आहेत: २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सांधेबदलाच्या देशपातळीवरच्या नोंदवह्यांवरून हिशेब मांडला होता. बदललेल्या खुब्यांपैकी १५ वर्षांनी सुमारे ८९ टक्के, २० वर्षांनी ७० टक्के आणि २५ वर्षांनी ५८ टक्के जागेवर होते. हे अर्थातच जुन्या पिढीचे सांधे. सत्तरीनंतर ऑपरेशन झालं तर उरलेल्या आयुष्यात ते पुन्हा करावं लागण्याची शक्यता फार थोडी, साधारण ५ टक्के. दिल्याचं तसं नाही. त्याला दुसऱ्यांदाचा विचार आजच करायला हवा, आणि इम्प्लांटचा इतिहास तपासण्याचा आग्रह त्याच्यासाठी जास्त महत्त्वाचा. दहा-पंधरा वर्षांची नोंद असलेलं साधं मॉडेल मला तरी कालच बाजारात आलेल्यापेक्षा बरं वाटतं.

इतक्यात अनघा आली. ती फिजिओथेरपिस्ट, आणि आमच्या वर्गात असल्यापासून आम्हा सगळ्यांना बिनदिक्कत झापत आलेली. तिने तिन्ही कागद वाचले, आणि पहिला प्रश्न पैशांचा नव्हताच.

"सर्जन वर्षाला किती खुबे करतो?"

"सांधेबदलाचा मोठा डॉक्टर आहे," दिल्या म्हणाला.

"गुडघे नाही विचारले. खुबे."

हा प्रश्न दिल्याने कुणालाच विचारला नव्हता. गुडघे रोजचे करणारा आणि खुबा क्वचित हाताळणारा सर्जन असू शकतो, हे आमच्याही डोक्यात आलं नव्हतं. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये याचा मोठा अभ्यास झाला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला ३५ किंवा त्याहून कमी खुबे बदलणाऱ्या सर्जनांच्या पेशंटमध्ये सांधा निखळण्याचं आणि दोन वर्षांच्या आत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण जास्त दिसलं. ३५ ही काही दगडावरची रेघ नाही, पण विचारायला एक आकडा हाताशी असला की बरं पडतं.

"डॉक्टरला तोंडावर असं विचारायचं? त्यांना अपमान वाटेल," वसंता.

"वाटला तर तेही उत्तरच झालं. जो नेमाने करतो तो आकडा पटकन सांगतो. जंतुसंसर्ग किती होतो तेही सांगतो."

मग तिने वसंताच्या पाच रात्रींचा समाचार घेतला. हल्ली पेशंटला त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी उभं करतात. प्रकृती ठीक असेल, घरी तयारी असेल, तर दोन-तीन दिवसांत घरी जाणं उत्तम. पाच रात्री कशासाठी हे विचार, उत्तर वैद्यकीय असेल तर ठीक, नसेल तर ते खोलीचं भाडं आहे. त्यापेक्षा घरच्या सहा आठवड्यांचा हिशेब कर, म्हणाली. वॉकर, उंच केलेली कमोडची सीट, फिजिओच्या फेऱ्या, दिवसभर घरात थांबणारं माणूस. मागच्या बाजूने ऑपरेशन केलं असेल तर सुरुवातीला खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, म्हणजे घरातल्या अर्ध्या खुर्च्या बाद. मध्या हे सगळं स्वस्त एस्टिमेटच्या पाठीवर लिहून घेत होता. इम्प्लांट आणि बाकीचं अंदाजाने मिळवल्यावर त्याची रक्कम परदेशातल्या कागदाच्या अगदी जवळ गेली, आणि खरं भांडण तिथे सुरू झालं.

कारण मध्याचा मुद्दा बिनतोड होता. "तुझ्याच प्रश्नाने बघ. परदेशातला तो सर्जन वर्षाला शेकड्यांनी खुबे करतो. मॉडेल लेखी देतो. सगळं धरून एक आकडा देतो. आणि तो आकडा जवळच्याइतकाच. मग जवळ कशाला?"

अनघा क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "बाराव्या दिवशी जखमेतून पाणी यायला लागलं तर दाखवणार कुणाला?"

"इथल्या डॉक्टरला."

"तो हात लावेल? दुसऱ्याने केलेल्या ऑपरेशनची गुंतागुंत अंगावर घ्यायला सर्जन सहसा नाखूश असतात. आणि अशा वेळी एकेक दिवस महत्त्वाचा असतो."

हे तिने नीट उलगडून सांगितलं. खोलवर जंतुसंसर्ग होतो तो शंभरात साधारण एकाला. पहिल्या काही आठवड्यांत लक्षात आलं तर जखम उघडून धुतात, सुटे होणारे भाग, म्हणजे बॉल आणि अस्तर, बदलतात, आणि हाडात बसलेले भाग बऱ्याचदा वाचतात. उशीर झाला की जंतू धातूवर थर धरतात, औषध तिथवर पोचत नाही. मग अख्खा सांधा काढायचा, जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा ठेवायचा, काही महिन्यांनी नवा बसवायचा. दोन मोठी ऑपरेशनं, खर्च पहिल्याच्या कितीतरी पट. तो कुठल्याच एस्टिमेटमध्ये लिहिलेला नसतो.

"आणि अस्तर बदलायचं तर ते त्याच वाटीत बसणारं हवं," शिर्केने पुस्ती जोडली. "इम्प्लांटच्या खोक्यात नंबराचे स्टिकर असतात. त्यांची एक प्रत तुझ्या फाइलला लाव, कुठेही ऑपरेशन केलंस तरी."

शिवाय रक्ताच्या गुठळ्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर पायातल्या शिरांत गुठळी होण्याचा धोका काही आठवडे राहतो, म्हणून रक्त पातळ ठेवणारी औषधं साधारण महिनाभर देतात. त्या काळात तासन् तास विमानात पाय मुडपून बसणं म्हणजे धोका विकत घेणं. परतीचं तिकीट पुढे ढकललं तर राहण्याचा खर्च वाढतो. ने-आण फुकट असली तरी हे फुकट नव्हतं, हे मध्यानेही कबूल केलं.

तरी तो हटला नाही. शंभरातल्या एकासाठी नव्याण्णवांनी कमी सरावाच्या सर्जनकडे का जायचं, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो चुकीचा नाही. शिर्केचं म्हणणं, केस साधी आहे की अवघड यावर ते ठरतं. जन्मतः खुबा नीट बसलेला नसेल, जुन्या फ्रॅक्चरच्या पट्ट्या आत असतील, किंवा दुसऱ्यांदा बदलायचा असेल, तर लांब जा, निष्णात माणूस शोध. दिल्याचा साधा झिजलेला खुबा आहे. पडून मोडलेला असता तर ही चर्चाच नव्हती. मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन एक-दोन दिवसांत व्हावं लागतं, तिथे तीन कागद मागवायला वेळ नसतो.

मला अनघाचं पटलं, पण एका अटीवर. जवळ म्हणजे सरावाच्या बाबतीत तडजोड नव्हे. तासा-दोन तासांच्या अंतरात भरपूर खुबे करणारा सर्जन असेल तर परदेशाचं नाव नको. असा कुणीच नसेल तर मध्याचा मुद्दा पुन्हा उभा राहतो, आणि तेव्हा तिथे महिनाभर राहण्याचे पैसे धरूनच तुलना करायची.

वसंता शेवटपर्यंत रोबोटवर ठाम होता. दिल्याने दोन फोन करायचं कबूल केलं: स्वस्तवाल्यांना इम्प्लांटच्या नावासकट लेखी आकडा मागायचा, आणि दोन्ही जवळच्या सर्जनना वर्षाचे खुबे विचारायचे.

"त्याआधी तो किडलेला दात दाखव," अनघा म्हणाली. "तोंडातला संसर्ग मिटल्याशिवाय कुणी हात लावणार नाही. साखर तपासून घे. आणि सिगरेट आजपासून बंद. किमान चार आठवडे आधी सुटली पाहिजे, नाहीतर जखम नीट भरत नाही."

दात आणि साखर दिल्याने ऐकून घेतली. सिगरेटवरून पुढचा अर्धा तास जे बोलणं झालं ते इथे छापण्यासारखं नाही.