‘सोनेरी सांगून हिरवे झाड विकले’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या रोपवाटिकेबद्दलचा आपला अभिप्राय वाचला. झाड शनिवारी सकाळी पोहोचवतो असे सांगून आम्ही दुपारी साडेतीनला आलो, आणि जानेवारीत आपण दोनदा केलेला फोन आमच्याकडून उचलला गेला नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांबद्दल मनापासून क्षमा मागतो. त्या दिवसांत कामावर मी आणि माझी पत्नी असे दोघेच होतो. पण ही झाली सबब, आणि तिचा आपल्याला काय उपयोग!

मात्र ‘गोल्डन एल्म म्हणून २६० डॉलरला साधे हिरवे झाड गळ्यात मारले, गावाकडच्या वावळासारखे रानझाड’ हे आपले वाक्य मला तसेच सोडून देता येत नाही. गोल्डन एल्म म्हणजे सोनेरी पानांचा एल्म वृक्ष, आणि वावळ एल्मच्याच कुळातला आहे, त्यामुळे तुलनेचे मला वाईट वाटलेले नाही. वाईट वाटले ते ‘गळ्यात मारले’ या शब्दांचे. मेलबर्नच्या पूर्वेकडील डोंगरभागात आम्ही १२ वर्षे रोपे वाढवून विकत आहोत, आणि लबाडीचा आरोप या काळात प्रथमच ऐकतो आहे. आपला अभिप्राय आल्यापासून दोन कुटुंबांनी येत्या हिवाळ्यासाठी केलेली नोंदणी रद्द केली, म्हणून हे उत्तर थोडे लांबत आहे.

आपण झाड जुलैत घेतलेत, म्हणजे येथे ऑस्ट्रेलियात ऐन हिवाळ्यात. येथल्या हिवाळ्यात एल्मवर एकही पान नसते, त्यामुळे रंगाच्या बाबतीत ग्राहकाला विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते, हे मला मान्य आहे. परंतु ऑक्टोबरात आपणच मला फोटो पाठवला होता. त्यात पाने पिकल्या लिंबासारखी पिवळी होती आणि येणारे-जाणारे थांबून पाहतात असे आपण कौतुकाने कळवले होते. तो फोटो माझ्याकडे आहे. आपल्या परवानगीशिवाय मी तो येथे लावणार नाही. एवढेच विचारतो की ऑक्टोबरात जे झाड सोनेरी होते, ते फेब्रुवारीत मुळापासून दुसरेच कसे होईल?

त्याचे उत्तर आपण अभिप्रायासोबत लावलेल्या फोटोतच आहे. गोल्डन एल्म, म्हणजे विच एल्मची ‘ल्युटेसेन्स’ ही जात, बियांपासून तशीच्या तशी उतरत नाही. तिचे कलम करावे लागते. आमच्याकडे खुंट, म्हणजे कलमाचा खालचा मुळांचा भाग, इंग्लिश एल्मचा असतो. आपण दोघेही कोकणातले, तेव्हा आपल्याला हे मी समजावून सांगावे असे नाही: खाली रायवळ आणि वर हापूस. कलमाच्या जोडाखालून आलेली फूट वेळीच काढली नाही, तर खालचा रायवळ जोर धरतो आणि हापूस मागे पडतो. येथेही तेच झाले आहे. आपल्या फोटोत मातीलगत जे पाच-सहा उंच, हिरवेगार फुटवे दिसतात, त्यांची पाने लहान आणि गोलसर आहेत, तर त्यांच्या मागे दबलेल्या फांद्यांवरची पाने त्यांच्या जवळपास दुप्पट मोठी, खरखरीत आणि अजूनही पिवळसर आहेत. विच एल्म स्वतः सहसा मुळांतून फुटवे काढत नाही. इंग्लिश एल्म मात्र भरमसाट काढतो. हिरव्या पानात हरितद्रव्य जास्त, म्हणून ते सोनेरी पानापेक्षा झपाट्याने वाढते. म्हणजे आपल्या अंगणात आज दोन झाडे एकाच मुळावर उभी आहेत, आणि आपण फोटो काढला तो खुंटाचा.

आपल्या सासऱ्यांनी सगळा उन्हाळा या झाडाला स्वतः पाणी घातले, असे आपण लिहिले आहे. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे आणि मी त्यांना बोल लावत नाही. पण झाड गाडीतून उतरवल्यावर मी जोडावर अंगठा ठेवून दाखवला होता, तो मातीच्या वर चार बोटे राहू द्या आणि त्याखाली फुटेल ते काढून टाका, असे सांगितले होते. लावणीचे वेगळे पैसे नकोत म्हणून आपण झाड घरीच लावायचे ठरवलेत. तो आपला अधिकार होता. फोटोत मात्र खोडाभोवती लाकडाच्या भुशाचा एवढा ढीग आहे की जोड पूर्ण झाकला गेला आहे, आणि फुटवे नेमके कुठून येतात हे त्यामुळेच कोणाच्या लक्षात आले नसावे.

आता उरलेल्या रंगाबद्दल. वसंतात पिवळे धमक, भर उन्हाळ्यात पोपटीकडे झुकणारे, आणि पानगळीच्या आधी पुन्हा पिवळे, हा या झाडाचा क्रमच आहे. सावलीतले पान तर आणखी हिरवे राहते. आपले झाड दुमजली घराच्या दक्षिणेला, म्हणजे येथल्या हिशेबाने सावलीच्या बाजूला आहे. मेलबर्नमधल्या साउथ याराला पंट रोड आणि अलेक्झांड्रा अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर जो मोठा गोल्डन एल्म आहे, ज्याची नोंद वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने महत्त्वाच्या वृक्षांत केलेली आहे, त्याच्याखाली जाऊन उन्हाळ्यात वर पाहावे. घेराच्या आतली पाने त्याचीही हिरवीच दिसतील.

पानांना पडलेल्या भोकांविषयी आपली तक्रार रास्त आहे. तो एल्मची पाने खाणारा भुंगेरा आहे. आपल्या व्हिक्टोरिया राज्यात तो १९८९ मध्ये आढळला आणि तेव्हापासून येथल्या एल्मचा पिच्छा सोडत नाही. त्याच्या अळ्या कोषात जाण्यासाठी खोडावरून खाली उतरतात, तेथे त्यांना अडवता येते. हे मी आपल्याला आधी सांगायला हवे होते. ती चूक माझी.

दुकानात आपण पैसे परत मागितलेत आणि मी नकार दिला, हेही खरे आहे. त्या वेळी माझा आवाज चढला असल्यास क्षमस्व. परंतु चार ग्राहकांसमोर ‘फसवणूक’ हा शब्द आधी आपण उच्चारलात, आणि जिवंत, वाढत्या झाडाचे पैसे सात महिन्यांनी परत करणे आमच्यासारख्या लहान व्यवसायाला झेपणारे नाही. सूचनांची चिठ्ठी इंग्रजीत होती व घरातील वडीलधाऱ्यांना ती वाचता आली नाही, हा आपला मुद्दा मात्र मी मनावर घेतला आहे. मराठीत काहीतरी छापून घेण्याचे बघतो. फोनचीही काही व्यवस्था करतो आहोत.

झाड अजून हातचे गेलेले नाही. फुटवे वरवर कापू नका, कापल्यास दुप्पट येतात. माती उकरून ते मुळाशी जेथून निघतात तेथून ओढून काढावे लागतील. त्यांच्यावर तणनाशक तर मुळीच मारू नका, मूळ एकच असल्यामुळे ते सोनेरी फांद्यांपर्यंत पोहोचेल. आपली हरकत नसेल तर मी रविवारी दुपारनंतर स्वतः येऊन हे काम करून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. भुशाचा ढीग तेवढा आधी बाजूला करून ठेवावा, आणि शक्य झाल्यास सासऱ्यांनी त्या वेळी घरी असावे, म्हणजे जोड त्यांनाही दाखवता येईल.

आपला नम्र,
रोपवाटिकेचा मालक