राज्याला हे मान्य आहे

२१ जुलै २०२५. मुंबईत सोमवारची सकाळ, इथे कॅलिफोर्नियात रविवारची रात्र. २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांतल्या बाराही जणांना उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं आणि आमचा भावंडांचा ग्रुप पेटला. ‘सरकारी वकील झोपले होते का?’ मग मामेभावाने थेट मलाच विचारलं, ‘तू हेच काम करतोस ना? तिकडे असं होतं?’

हेच करतो, खरं आहे. इथे खटला चालवतो काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, सरकारी वकील: डिस्ट्रिक्ट अटर्नी. आरोपीला शिक्षा झाली आणि तो अपिलात गेला की फाइल राज्याच्या अटर्नी जनरलकडे, म्हणजे माझ्यासारख्या एखाद्या डेप्युटीच्या टेबलावर येते. साक्षीदाराचा चेहरा मला कधीच दिसत नाही. दिसतात ती कोर्टातल्या लघुलेखकाने उतरवलेली हजार-दोन हजार पानं. कुणी रडलं, तर कंसात तेवढीच नोंद.

भावाला उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले, कारण सरळ उत्तर नाही. ज्युरीने, म्हणजे खटला ऐकणाऱ्या बारा नागरिकांनी, ‘निर्दोष’ म्हटलं की इथे विषय संपतो, सरकारला अपीलच नाही. वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली, तर मात्र आम्हीही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. आपल्याकडे खालच्या कोर्टातून सुटलेल्याविरुद्धही सरकार अपिलात जातं. इथे आल्यावर सुरुवातीला मला ते रानटी वाटायचं. आता वाटत नाही. सत्र न्यायालयात एकटा न्यायाधीश निकाल देतो, बारा नागरिक नाही. एका माणसाच्या निकालावर दुसरी नजर पडली तर बिघडलं कुठे? तरतूद ठीक आहे, सवय वाईट आहे.

मुंबईत उच्च न्यायालयात एपीपी, म्हणजे अतिरिक्त सरकारी वकील, असलेला माझा कॉलेजचा मित्र म्हणतो, ‘अपील का करायचं, हे कुणी विचारत नाही रे. का करायचं नाही, हे मात्र तीन पानं लिहून द्यावं लागतं.’ २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच राज्यांना सांगितलं होतं, की प्रत्येक निर्दोष मुक्ततेची छाननी करा आणि तपासात किंवा खटल्यात कसूर करणाऱ्यांवर जबाबदारी टाका. हेतू चांगलाच होता. पण आरोपी सुटला म्हणजे कुणाचं तरी चुकलंच असं एकदा धरलं, की ‘हा माणूस सुटायलाच हवा होता’ हे फाइलवर कोण लिहील?

इथे ते लिहिता येतं. मागे एका प्रकरणात तीन आरोपांवर शिक्षा झाली होती. तिसऱ्या आरोपाचा पुरावा शोधत मी साक्षी तीनदा वाचल्या. त्या खोलीत आरोपी होता, असं एकही साक्षीदार म्हणत नव्हता. खटल्याच्या सुरुवातीच्या भाषणात सरकारी वकील तसं म्हणाला होता, पण वकिलाचं भाषण म्हणजे पुरावा नव्हे. वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी ती पानं स्वतः वाचली आणि सही केली. आमच्या उत्तरात त्या मुद्द्याखाली एक ओळ गेली: ‘राज्याला हे मान्य आहे.’ शिक्षेतली चार वर्षं कमी झाली. त्यावर कुणी चौकशी लावली नाही, आणि शाबासकीही दिली नाही.

म्हणून इथलं सगळं गोड मानू नका. माझ्या बहुतेक उत्तरांचा शेवट वेगळा असतो: चूक झाली खरी, पण ती नसती तरी निकाल हाच लागला असता. कायद्यात हे तत्त्व पक्कं बसलंय आणि आम्ही त्यावरच जगतो. काही रात्री ते वाक्य टाइप करताना हात थोडा जड होतो, पण करतो. शिवाय बहुसंख्य आरोपी खटला न लढताच गुन्हा कबूल करतात, त्यामुळे त्यांच्या फायलीत वाचायला पानंच फारशी नसतात.

वेळेची गोष्ट मात्र घरच्यांना आवर्जून सांगतो. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत लिहिलंय, की निकालासाठी राखून ठेवलेलं प्रकरण ९० दिवसांहून जास्त रखडलं तर न्यायाधीशाला पगार मिळणार नाही. (पळवाटही आहे: प्रकरण ‘राखून ठेवलं’ कधी म्हणायचं, ते कोर्टच ठरवतं.) लोकल स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाचा निकाल लागला २०१५ मध्ये आणि उच्च न्यायालयाचा २०२५ मध्ये. सुटलेल्या बारांपैकी एक जण २०२१ मध्येच कैदेत वारला होता. स्फोटांत गेलेल्यांच्या घरच्यांनीही तीच दहा वर्षं मोजली. ग्रुपवरच्या दोनशे मेसेजमध्ये त्या दहा वर्षांवर एकही नव्हता. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुटलेल्यांनी परत तुरुंगात जायचं नाही, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. त्यावर एक अंगठा आला.

‘राज्याला हे मान्य आहे’ ही ओळ मी मित्राला फोनवर वाचून दाखवली होती. तो हसला. थोड्या वेळाने त्याने दुसऱ्या दिवशीच्या बोर्डाचा, म्हणजे कोर्टातल्या प्रकरणांच्या यादीचा, फोटो पाठवला. त्याच्या नावापुढे एकोणचाळीस मॅटर. खाली लिहिलं होतं, ‘यातल्या किती फायली मी आज रात्री उघडेन, सांग.’