बार्जेलोचे भिजत घोंगडे

बार्जेलो क्विल्टमध्ये, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या एका प्रकारच्या गोधडीत, एकही वक्र रेषा नसते, असे मी भेटेल त्याला सांगते आणि भेटेल तो क्विल्टवरच्या लाटांकडे बोट दाखवून मलाच विचारतो की, मग हे काय आहे. फिकट आकाशीपासून गडद जांभळ्यापर्यंत चढत जाणारे रंग, मध्येच उसळणारी आणि पुढे आळसावून सपाट होणारी ती लाट, हे सगळे पट्टी लावून सरळ कापलेल्या आणि यंत्रावर सरळ शिवलेल्या चौकोनी तुकड्यांचे काम असते. या नमुन्याचे नाव इटलीतील फ्लॉरेन्सच्या बार्जेलो राजवाड्यावरून पडले, कारण तेथील सतराव्या शतकातील खुर्च्यांवर ज्वालांसारखे दिसणारे याच धाटणीचे भरतकाम होते. १२५५ मध्ये बांधायला घेतलेली ती इमारत संग्रहालय होण्यापूर्वी बराच काळ तुरुंग होती, हे मला क्विल्ट अर्धा झाल्यावर वाचायला मिळाले आणि मुळीच आश्चर्य वाटले नाही.

कृती ऐकायला सोपी आहे. एकमेकांत मिसळत जाणाऱ्या २० रंगांच्या अडीच-अडीच इंची लांब पट्ट्या क्रमाने एकमेकींना जोडायच्या, आणि शेवटची पट्टी पुन्हा पहिलीला जोडून त्या कापडाचे एक नळकांडे करायचे. मग ते नळकांडे आडवे कापून त्याची कमी-जास्त रुंदीची कडी काढायची. प्रत्येक कडे एका शिलाईपाशी उसवून उघडायचे, पण शेजारच्या कड्यापेक्षा एक रंग वर किंवा एक रंग खाली. अशा उघडलेल्या पट्ट्या शेजारी शेजारी जोडल्या की रंग पायरीपायरीने चढतात व उतरतात, आणि डोळा त्या पायऱ्यांची लाट करून घेतो. अरुंद पट्ट्यांपाशी चढ उभा होतो, रुंद पट्ट्यांपाशी लाट ऐसपैस पसरते. थोडक्यात, लाट कापडात नसतेच, ती पाहणाऱ्याच्या डोक्यात असते, आणि कष्ट मात्र शिवणाऱ्याच्या मानेत.

आमच्या सासूबाईंनी हा प्रकार दुपारभर शेजारी बसून पाहिला. मी नुकत्याच घातलेल्या शिलाया कड्याकड्याने उसवू लागले तेव्हा त्यांना राहवले नाही. "अगं, उसवायचंच होतं तर शिवलंस कशाला?" मी रंगांच्या पायऱ्यांचे तत्त्व सविस्तर समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, आणि संध्याकाळी फोनवर कोणाला तरी म्हणाल्या, "ती बरी आहे, शिवते आणि उसवते." या वर्णनात खोडून काढण्यासारखे काहीही नव्हते. उलट त्यांना आणखी एक गंमत ठाऊक नव्हती. नळकांडे आडवे कापले की शिलायांची टोके सुटू लागतात, म्हणून या कामात टाका बारीक, साधारण दोन मिलिमीटरचा ठेवावा लागतो. आणि बारीक टाका उसवणे म्हणजे काय, हे ज्याने सीम रिपरचे, म्हणजे टाके उसवायच्या छोट्या हत्याराचे, टोक कापडाला भोक न पाडता त्या टाक्याखाली सरकवले आहे त्यालाच ठाऊक. टाका जितका चोख, तितकी उसवताना शिक्षा अधिक.

त्यातून शिलाईला जाणारे कापड हा स्वतंत्र दुःखाचा विषय आहे. दोन्ही कडांना पाव-पाव इंच शिलाईत जात असल्याने एक इंच रुंद कापलेली पट्टी जोडल्यावर अर्धाच इंच दिसते. म्हणजे ज्या उभ्या चढाचे पाहुणे कौतुक करतात, तिथले निम्मे कापड पाठीमागे तोंड लपवून बसलेले असते. साहजिकच एका नळकांड्यात क्विल्ट पुरा होत नाही, दुसरे करावे लागते, आणि तिथे खरी परीक्षा असते. दुसऱ्या वेळी प्रत्येक शिलाई फक्त एक मिलिमीटर आत गेली, तर दोन्ही पट्ट्यांचे मिळून दोन मिलिमीटर जातात, आणि २० शिलायांत ते नळकांडे पहिल्यापेक्षा तब्बल चार सेंटिमीटर लहान भरते. शिवाय एका पट्टीतल्या शिलाया वरच्या बाजूला आणि पुढच्या पट्टीतल्या खालच्या बाजूला इस्त्रीने वळवाव्या लागतात, तरच कोपरे एकमेकांत बसतात. पट्ट्या जोडतानाही एक शिलाई वरून खाली, तर पुढची खालून वर घालायची, नाहीतर सगळा पृष्ठभाग एका बाजूला कमानीत झुकतो. घरात मी त्या काळात कोणाशीही बोलताना "वर की खाली?" एवढेच विचारत असे, असा मुलाचा आरोप आहे.

वरचा थर पुरा झाला की लोक अभिनंदन करतात. ते अभिनंदन फार घातक असते, कारण त्यानंतरच पुष्कळ क्विल्ट कपाटात जाऊन भिजत घोंगड्याच्या स्थितीला पोचतात. आता अस्तर, त्यावर बॅटिंग म्हणजे मधला ऊबदार थर, त्यावर हा वरचा थर असे सारे जमिनीवर सुरकुती न पाडता पसरायचे आणि वीतभर अंतरही न सोडता सेफ्टी पिना लावत रांगायचे. आमचे हे त्या दिवशी भिंतीला पाठ घासत स्वयंपाकघराकडे गेले आणि वाटेत म्हणाले, "अहो, घर कधी मोकळे होणार?" एरवी मला एकेरीत हाक मारणारा माणूस आदरार्थी बोलू लागला की समजावे, पाणी डोक्यावरून गेले आहे. पुढे हे तिन्ही थर एकत्र शिवण्यासाठी घरगुती शिवणयंत्राच्या त्या वीतभर जागेतून आख्ख्या पांघरुणाची गुंडाळी ढकलायची. एक टोक मांडीवर, एक खांद्यावर, उरलेले जमिनीकडे ओढ घेणारे. त्यातच टाके सारखे पडले पाहिजेत. शेवटी कडेचा गोट. साठ इंची चौरस क्विल्टचा घेर २४० इंच भरतो आणि गोटाची मागची बाजू हाताने हेम करायची झाली, तर त्यातला प्रत्येक इंच वेगळा ओळखू येऊ लागतो.

एवढे झाल्यावर क्विल्ट धुतात. गडद रंग सुटेल की काय या भीतीने मी यंत्रासमोर उभी होते. रंग सुटला नाही. मात्र सुती बॅटिंग पहिल्या धुण्यात थोडी आक्रसते आणि साऱ्या कापडावर बारीक चुण्या पडतात. क्विल्टचे जाणकार या चुण्यांवर लुब्ध असतात. माझ्या लक्षात आले ते इतकेच की, ज्या कोपऱ्यांसाठी मी मिलिमीटर मोजले होते ते आता चुण्यांत असे मिसळले होते की कोणता जुळला होता आणि कोणता नव्हता, हे भिंग लावूनही सांगता आले नसते. सासूबाईंनी ते पांघरूण उलटसुलट करून पाहिले, कड चाचपली, आणि मनापासून म्हणाल्या, "छान झालंय. आता हे तरी उसवू नकोस."