बोटांना सुई टोचून पक्षाघात थांबत नाही

गोरेगावच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो जुना मेसेज परत फिरतोय: पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाला जागचं हलवू नका, आधी दहाही बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्त काढा, तो शुद्धीवर येईल.

हे खरं नाही. झटक्यात बिघाड मेंदूत असतो. तिथली रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, आणि बोटातून थेंबभर रक्त गेल्याने तिथे काहीच बदलत नाही. बोटांच्या टोकांत संवेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंची दाटी असते, म्हणून सुई एवढी झोंबते. ती कळ मज्जारज्जूत शिरते, बाजू बदलते आणि मेंदूच्या विरुद्ध बाजूला पोचते. हालचालीचे आदेशही असेच बाजू बदलून येतात. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवा हात लुळा पडतो. हात बिचारा धडधाकटच असतो. (डॉक्टर टाचणी टोचतात ती संवेदना शाबूत आहे का हे बघायला.)

‘हलवू नका’ हे तर त्याहून घातक. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. संध्याकाळी हायवेवर किती वेळ जातो हे मुंबईकरांना काय सांगायचं! तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं की लगेच १०८ला फोन करा, लक्षणं सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवा, तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका.

मेसेज काळजीपोटीच पाठवला जातो, हे कळतं. तरी कृपया पुढे ढकलू नका. आधी पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.