विमानाचा हेडसेट हॅम रिगला 'फक्त प्लग बदलून' लागत नाही

म्हापशापासून काणकोणपर्यंत हॅमवाल्यांच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, मोबाईलवर एक फॉरवर्ड फिरतोय, की पायलटचा सेकंडहँड हेडसेट घ्या, प्लग बदला, कुठल्याही रिगला (रेडिओ सेटला) लावा, नॉइज कॅन्सलिंगमुळे बँडवरचा खरखराट जातो, मिलिटरीचा मिळाला तर अजूनच भारी, आणि शेवटी, याला वेगळं लायसन्स लागतं म्हणून कुणाला सांगू नका. नवीन व्हीयू३ झालेली, म्हणजे नुकतंच हॅम लायसन्स मिळालेली, पोरं हे खरं मानून पैसे घालतात आणि मग हेडसेट कपाटात पडून राहतो, ते बघवत नाही म्हणून एकेक मुद्दा घेतो.

प्लगचं आधी. छोट्या विमानांच्या हेडसेटला दोन प्लग असतात, ऐकायचा पीजे-०५५ म्हणजे ६.३५ एमएमचा, आणि माइकचा पीजे-०६८, तो जरा बारीक, ५.२३ एमएमचा. सोल्डरिंग येत असेल तर हे काहीच काम नाही. खरी गोची माइकची आहे. जुन्या विमानांत कार्बन माइक असायचे, त्यांना रेडिओकडूनच डीसी लागायचा, नंतर इलेक्ट्रेट आले पण विमानातली वायरिंग बदलायला नको म्हणून आत छोटा अ‍ॅम्प बसवून ते कार्बनच्याच जागी चालतील असे केले. त्यामुळे आजही त्या माइकला साधारण ८ ते १६ व्होल्ट बायस (माइक चालवायचा डीसी) लागतो, रेझिस्टरमधून. स्वस्तातल्या हँडीच्या (हातातल्या छोट्या सेटच्या) माइक पिनवर किंवा ५ व्होल्टवाल्या सॉकेटवर तेवढं मिळत नाही, मग माइक मुका तरी राहतो नाहीतर आवाज फाटतो. आणि बायस नीट दिलात तर उलटी भानगड, आउटपुट शेकडो मिलिव्होल्टमध्ये येतो आणि रिगला हवे असतात थोडेसेच मिलिव्होल्ट, म्हणजे ४० मीटर बँडवर तुम्ही शेजारच्या क्यूएसओवर, म्हणजे दुसऱ्यांच्या बोलण्यावर, स्प्लॅटर करत (फाटका आवाज सांडत) बसणार.

उपाय आहे, अवघड पण नाही. १३.८ व्होल्टचा सप्लाय नीट फिल्टर करून ४७० ओहममधून माइकला द्या, ऑडिओ कपॅसिटरमधून घ्या म्हणजे डीसी रिगमध्ये जाणार नाही, पुढे प्रीसेट (छोटा बदलता रेझिस्टर) लावून लेव्हल खाली आणा, आणि सगळं पत्र्याच्या डबीत घाला नाहीतर आरएफ (ट्रान्समिट होणारी रेडिओ लहर) आत शिरतो. पीटीटी, म्हणजे दाबून बोलायचा स्विच, वेगळा करावा लागेल, विमानात ते बटण कंट्रोलवर असतं, हेडसेटवर नसतं, पायाचा स्विच सगळ्यात सोयीचा. इअरफोन बहुतेक ३०० ओहमच्या आसपास असतात, आवाज थोडा कमी येईल पण चालतं, फक्त मोनो प्लग स्टिरिओ जॅकमध्ये घातला की एक चॅनल शॉर्ट होतो हे लक्षात ठेवा.

आता खरखराटाचं, आणि इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. एएनआर, म्हणजे नॉइज कॅन्सलिंग, हेडसेट कानाच्या कपात बाहेरून आलेली घरघर ऐकतो आणि तिच्या उलट्या फेजचा आवाज सोडतो, एवढंच. जूनमध्ये सह्याद्रीवर वीज चमकते तेव्हा जो कडकडाट ऐकू येतो तो अँटेनातून सिग्नलबरोबर आलेला असतो, हेडसेटच्या दृष्टीने तोही ऐकवायचाच ऑडिओ. शेजारच्या एलईडी ड्रायव्हरचं पण तेच. त्यासाठी आरएफ गेन कमी करा, फिल्टर अरुंद करा, रिसीव्हला वेगळा लूप अँटेना टाका. हेडसेट कामाला येतो तो खोलीतल्या आवाजासाठी: जनरेटर चालू आहे, पत्र्यावर पाऊस कोसळतोय, चवथीची आरती चालू आहे घरात. डेव्हिड क्लार्कचा एच१०-१३.४ बॅटरीशिवायच २३ डीबी आवाज अडवतो, हे खरंच फार कामाचं आहे. पण कान बंद असले की माणूस नकळत ओरडून बोलतो, म्हणून रिगवरचा मॉनिटर (आपलाच आवाज कानात ऐकवणारी सोय) चालू ठेवा. आणि माइक ओठांना जवळजवळ टेकलेला हवा, ३ ते ६ एमएमवर. माइकही नॉइज कॅन्सलिंगच असतो, हनुवटीशी ठेवलात तर तो तुमचाच आवाज कॅन्सल करतो, मग म्हणतात 'मॉड्युलेशन पातळ आहे'.

मिलिटरीवाला भारी? त्यातले बरेच ५ ओहमचे डायनॅमिक माइक असतात, बायस लागत नाही, उलट द्यायचाच नाही, आउटपुट अगदी कमी म्हणून प्रीअ‍ॅम्प नाहीतर ट्रान्सफॉर्मर लागतो. प्लगवरून ओळखता येईल असंही नाही, यू-१७४ हा मिलिटरी हेडसेटचा जाडा प्लग सिव्हिल हेलिकॉप्टरच्या हाय इम्पिडन्स हेडसेटलाही असतो.

लायसन्सचं तर काहीच्या काही. डब्ल्यूपीसीचं (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाचं) लायसन्स ट्रान्समिट करायला लागतं, कानाला काय लावलंय त्याला नाही. हेडसेट लावल्याने तुम्ही एअरबँडवर, म्हणजे विमानांच्या फ्रिक्वेन्सीवर, जात नाही. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर ट्रान्समिट करणं हा वेगळा आणि गंभीर गुन्हा आहे, त्यात दाबोळीचा विमानतळ आयएनएस हंसावर, म्हणजे नौदलाच्या तळावर आहे, तिथे खेळ नको.

सेकंडहँड घेताना विकणाऱ्याला आधी माइकचा प्रकार विचारा, अ‍ॅम्प्लिफाइड की ५ ओहम डायनॅमिक, आणि कानाच्या गाद्या हातात घेऊन दाबून बघा, आपल्या दमट हवेत त्या आधी जातात आणि गादी फाटली की ते २३ डीबी राहत नाहीत.