‘पाणी जिवाणू साफ करतात, जाळी नव्हे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

बागेतल्या कोई माशांच्या तळ्यात गाळणी कशी सुधारावी, यावर मी एक लेख लिहिला होता. मळ आधी चाळणीने किंवा ड्रम फिल्टरने पकडून बाहेर काढा, जिवाणूंचा कप्पा त्याच्या मागे वेगळा ठेवा, असं त्याचं म्हणणं होतं. त्याखाली ‘जुना हौशी’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी आधी ती पूर्ण देतो, म्हणजे मी सोयीची वाक्यं तेवढी उचलली असं कुणी म्हणायला नको.

“उत्साह चांगला आहे, पण अभ्यास कमी पडतो. पाणी जिवाणू साफ करतात, जाळी नव्हे. दर दोन-तीन दिवसांनी स्पंज धुवा असं सांगून तुम्ही नवख्यांना जिवाणू मारायला लावताय. तळाला ड्रेनच नाही अशा तळ्यांचं काय, हे लेखात कुठेच नाही. ड्रम, चाळण्या ही सगळी दुकानदारी आहे. माझं तळं वर्षानुवर्षं एका पेटीवर चाललंय आणि पाणी नितळ आहे. लोकांना उगाच खर्चात पाडू नका.”

‘उत्साह चांगला आहे’ हे वाक्य शिक्षक पहिल्या बाकावरच्या पोराला म्हणतात. तुमची-माझी ओळख नाही. मी काय वाचलंय, काय केलंय, याची तुम्हाला कल्पना असण्याचं कारण नाही. तरी पहिल्याच ओळीत निकाल लावून मोकळे झालात. लेखातलं एखादं विधान चुकीचं वाटलं तर त्या विधानावर बोट ठेवावं. तेवढं सोडून लिहिणाऱ्याची इयत्ता काढायची, आणि तीही स्वतःचं खरं नाव न देता, ही पद्धत मला पटत नाही. माझ्या लेखांखाली याहून कडक मतभेद झालेले आहेत आणि ते मी आनंदाने छापले आहेत, कारण त्या लोकांनी निदान लेख वाचलेला होता.

अभ्यासाचा विषय तुम्ही काढलाच आहे म्हणून सांगतो. माझी उभी नोकरी जलशुद्धीकरण केंद्रात गेली. निवळण टाक्या, वाळूचे थर, उलट्या प्रवाहाने गाळणी धुणं, टाकीच्या तळातला गाळ वेळेवर सोडणं, हे मी रोज केलेलं काम आहे. गाळ सोडायची पाळी चुकली की खालून बुडबुडे येऊन बसलेला गाळ पुन्हा वर कसा उठतो, ते मी वाचून नाही, टाकीच्या काठावर उभं राहून शिकलो. आणि कोई घरात वडिलांच्या काळापासून आहेत. तेव्हा ‘अभ्यास कमी’ हे ज्याला म्हणायचं असेल त्याने त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवे होते.

आता तुमचं ते मुख्य वाक्य. ‘पाणी जिवाणू साफ करतात, जाळी नव्हे.’

कोणते जिवाणू? हा प्रश्न तुम्ही स्वतःला कधी विचारलाय का? कारण सगळा घोळ इथेच आहे. फिल्टरमध्ये आपण ज्यांना जपतो ते जिवाणू अमोनियावर, म्हणजे माशांच्याच शरीरातून पाण्यात येणाऱ्या विषारी द्रव्यावर, जगतात. सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिलं की हे जीव अमोनियातून ऊर्जा मिळवतात आणि शरीर बांधायला लागणारा कार्बन विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. म्हणजे माशांची विष्ठा त्यांचं अन्नच नाही. उरलेलं खाद्य, कुजलेली पानं, शेवाळाचे तुकडे यांना ते तोंडही लावत नाहीत. नायट्रोसोमोनास हा जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतो (तेही माशांना विषारीच), नायट्रोस्पिरा हा दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो, आणि त्यांचं काम तिथे संपतं.

विष्ठा खाणारे जिवाणू वेगळे. तेही तळ्यात असतात, भरपूर असतात, आणि कुणी न बोलावता येतात. पण ते घाण खाऊन काय करतात? तिच्यातला नायट्रोजन पुन्हा अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतात आणि पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. शिवाय त्यांची वाढ झपाट्याची. अनुकूल पाण्यात त्यांची संख्या काही तासांत कित्येक पटींनी वाढते, तर अमोनिया खाणाऱ्यांना एकाचे दोन व्हायला अर्धा दिवस, कधी दिवसभर लागतो. दोघांना एकाच पेटीत, एकाच मीडियावर (जिवाणूंनी चिकटून वाढावं म्हणून पेटीत भरतात त्या सामानावर) बसवलं तर जागा कोण बळकावणार? वर चिकट बुळबुळीत थर चढतो आणि ज्यांच्या भरवशावर तुम्ही बसलात ते त्याखाली प्राणवायूवाचून पडून राहतात. ‘जिवाणूंवर सोडा’ असं म्हणताना तुम्ही नकळत त्याच जिवाणूंचा गळा दाबताय.

आकडेही बघू या, कारण आकड्यांशी सूर लावून बोलता येत नाही. ४० टक्के प्रथिनं असलेलं १ किलो खाद्य माशांनी खाल्लं की साधारण ३५ ते ४० ग्रॅम अमोनिया तयार होतो. तो बहुतेक कल्ल्यांतून थेट विरघळून येतो. जाळी तो पकडत नाही, आणि पकडते असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात ते स्पष्ट आहे. पण त्याच १ किलो खाद्यातून कोरड्या वजनात पाव किलोच्या आसपास घन मळही बाहेर पडतो. तो पाण्यात कुजला की अमोनियात आणखी भर पडते. आणि १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो. ३० अंश सेल्सियसच्या पाण्यात प्रतिलिटर जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. एवढ्या तुटपुंज्या साठ्यात मासे भागीदार, अमोनियावाले जिवाणू भागीदार, आणि वर पाव किलो मळ कुजवणारी फौज! मळ कुजायच्या आत बाहेर काढला तर तिसरा भागीदार राहतच नाही. गाळणी सुधारा, असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

यातली दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि तुमच्या ‘एका पेटी’वरून ती तुमच्याही आली नसावी असं दिसतं. मळ गाळणीत अडकला म्हणजे तळ्याबाहेर गेला असं नव्हे. स्पंजमध्ये अडकलेल्या विष्ठेतून तळ्याचं सगळं पाणी दिवसभर फिरत असतं, तिच्यातलं विरघळेल ते विरघळवून तळ्यात परत नेत असतं. केर झाडून टोपलीत भरला आणि टोपली तशीच घरात ठेवून दिली, तर घर झाडलं असं आपण म्हणत नाही. म्हणून मी तिरक्या चाळणीबद्दल इतकं लिहिलं. तिथे पाणी पटकन खाली जातं आणि मळ वर कोरड्यावर उरतो, पाण्याचा त्याच्याशी संबंध तुटतो. ड्रम फिल्टर हेच काम आपण होऊन करतो, जाळी भरली की स्वतः धुऊन मळ नाल्यात सोडतो. चाळणीची फट साधारण २०० ते ३०० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ड्रमची जाळी ६०-७० मायक्रॉनची. ब्रशच्या किंवा मॅटच्या कप्प्यालाही माझा विरोध नाही, अट एकच: त्या कप्प्याला तळाशी व्हॉल्व्ह हवा आणि तो उघडला जायला हवा. उघडायची सवय नसेल तर कप्पा कितीही महागाचा असो, तो मळाचं कोठारच होतो.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. माझ्या एका जवळच्या नातेवाइकांचं तळं बांधून देणाऱ्याने तुम्ही म्हणता तशीच एक पेटी बसवून दिली होती. आधी स्पंज, मागे मीडिया, वर झाकण. ‘जिवाणू आपोआप काम करतील, हात लावू नका,’ असं बजावून तो गेला. पाणी नितळ होतं बरं का! पहाटे मासे पाण्याच्या तोंडाशी येऊन धापा टाकायला लागले तेव्हा मला बोलावणं आलं. झाकण काढलं तर सडक्या अंड्यांचा वास. मीडियावर काळा लगदा, नायट्राइट चढलेलं. आम्ही आधी हवेचा पंप लावला, थोडं थोडं करून पाणी बदललं, खाद्य थांबवलं. पुढे पेटीच्या आधी एक निवळण टाकी आणि चाळणी आली. मीडिया तोच ठेवला, तळ्याच्याच पाण्यात हलकेच खळबळून. काही आठवड्यांत नायट्राइट खाली आलं. जिवाणू आधीही होते, नंतरही होते. मध्ये बदललं ते एवढंच की त्यांच्या डोक्यावर पडणारा मळ थांबला. हा प्रसंग मी मूळ लेखात मुद्दाम घातला नव्हता, कुणाच्या घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला आणा म्हणून. तुमच्या प्रतिक्रियेमुळे आणावी लागली.

पंपाचंही याच ओघात सांगून टाकतो. एक पेटी म्हटली की बहुधा तळ्यात बुडवलेला पंप येतो आणि पेटी काठावर. कोई माशाला जठर नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, आणि बाहेर पडणारी विष्ठा म्हणजे पातळ आवरणातली सैल लडी. ती पंपाच्या इम्पेलरमधून, म्हणजे आतल्या फिरत्या पात्यांमधून, गेली की तिचा चुरा होतो. चुऱ्याने काय बिघडतं, तर कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. स्टोक्सचा हा नियम १८५१ पासून माहीत आहे आणि आमच्या केंद्रातल्या प्रत्येक निवळण टाकीचा हिशेब त्यावरच बेतलेला असे. व्यास निम्मा झाला की वेग पावपट. दशांश झाला की शंभरावा हिस्सा. जी लडी निवळण टाकीत काही मिनिटांत बसली असती तिचा चुरा दिवसभर बसत नाही, चाळणीतूनही निसटतो, आणि माशांच्या कल्ल्यांना त्रास देत फिरत राहतो. म्हणून तळाच्या ड्रेनमधून पाणी आपसूक उताराने गाळणीत यावं आणि पंप गाळणीच्या नंतर बसावा, असं मी सांगितलं. ४ इंची ड्रेनमधून ताशी साधारण १० ते १२ हजार लिटर पाणी असं निवांत येतं. यात कुठली दुकानदारी आहे ते मला कळलं नाही. पाइप एकाच मापाचा, पंपही तोच, फक्त क्रम वेगळा.

स्पंजचा तुमचा मुद्दा मात्र अर्धा मान्य. एकाच पेटीत सगळं असेल आणि तो स्पंज क्लोरीनच्या नळाखाली धरून पिळून काढला तर त्यावरचे उपयोगी जिवाणू मरतात. तळ्याच्या पाण्यात धुवा, ही ओळ लेखात ठळक असती तर बरं झालं असतं. आता ती घालतो आहे. पण म्हणून स्पंज धुऊच नये, हे कुठल्या तर्कात बसतं? स्पंजचं काम मळ पकडणं आहे, जिवाणूंचं घर मागच्या कप्प्यात आहे. कामं वेगळी ठेवली तर धुण्याची भीती उरत नाही. ती वेगळी ठेवा, हेच तर माझ्या लेखाचं म्हणणं होतं, आणि त्यावर तुमची हरकत आली!

राहिलेल्या मुद्द्यांना लांबण लावत नाही. तळाला ड्रेन नसेल तर पाणी पंपाने चाळणीवर आणावं, मोठे तुकडे जाऊ शकतील असा संथ पंप निवडावा, मार्ग निघतो. खर्चाबद्दल मी लेखात एकाही कंपनीचं नाव घेतलेलं नाही, काहीही विकत नाही, तेव्हा ‘दुकानदारी’ हा शब्द तुम्ही परत घ्याल अशी अपेक्षा आहे. तो मला खरंच लागला.

आणि तुमचं नितळ पाणी. ते नितळ आहे यावर माझा विश्वास आहे. पण अमोनियाला रंग नसतो, नायट्राइटलाही नसतो. वर सांगितलेल्या तळ्यातलं पाणीही तळापर्यंत दिसत होतं. पाणी चांगलं आहे याचा पुरावा म्हणून नितळपणा पुढे करणाऱ्याने दुसऱ्याचा अभ्यास काढावा, याचं मला आश्चर्य वाटलं. तुमच्या चाचणी-संचातले अमोनिया, नायट्राइट आणि क्षारतेचे आकडे द्या. सकाळी खाद्य देण्याआधीचे आणि खाद्यानंतर दोन-तीन तासांनी घेतलेले, असे दोन्ही. त्यातले अमोनिया आणि नायट्राइटचे आकडे शून्याच्या आसपास असतील तर मी तुमच्या पेटीबद्दल आदराने लिहीन, तिची रचना विचारून घेईन, किती मासे, किती खाद्य, किती पाणी तेही विचारीन. आणि आकडे काढायच्या आधी एकदा पेटीचं झाकण उघडा, मीडिया हाताने तळापासून वर काढा आणि हाताला कसला वास येतो तेही त्याच प्रतिक्रियेत लिहा.