नाव बदला की बे!

दिवंगत गायक चेस्टरच्या जागी नवी गायिका घेऊन लिंकिन पार्क या अमेरिकी रॉक बँडचा ‘फ्रॉम झिरो’ अल्बम आल्यापासून सोलापूरच्या आमच्या मित्रमंडळीत जुंपली आहे. एकाचं म्हणणं, “चेस्टर नाही तर नाव बदला की बे!” दुसरा म्हणतो, पोरगी ओरडते भारी, पण चेस्टरचं दुखणं तिच्या गळ्यात कुठून येणार? तिकडे मध्यरात्र उलटते तेव्हा इथे हॅम्बुर्गात माझी जेवणं चाललेली असतात. मी त्यांचे निरोप वाचत बसतो.

चेस्टर बेनिंग्टन जुलै २०१७ मध्ये गेला. त्यानंतर बँडचा नवा अल्बम आलाच नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘डेड सारा’ बँडची एमिली आर्मस्ट्राँग गायिका म्हणून पुढे आली आणि १५ नोव्हेंबरला अल्बम. जर्मनीत, ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला. समीक्षकांनी बहुतेक ठिकाणी पाठ थोपटली. कुरकुर एवढीच, की ‘हायब्रिड थिअरी’ आणि ‘मिटिओरा’ या पहिल्या दोन अल्बमांच्या पुण्याईवर फार चाललंय. चेस्टरच्या मुलाने मात्र जाहीर नाराजी दाखवली, आणि ती मला समजते. आमच्या दोस्तांची समजत नाही. कारण मे २०१७ मध्ये ‘वन मोअर लाइट’ आला तेव्हा “पॉप झाले, विकले गेले” म्हणून शिव्या घालणारे हेच. त्या टीकेवर चेस्टर मुलाखतींतून चिडलाही होता. दोन महिन्यांत तो गेला आणि तोच अल्बम ह्यांनी रडत ऐकला.

इकडचा प्रकार उलटा. २२ सप्टेंबरला, अल्बम यायच्याही आधी, बँड हॅम्बुर्गच्या बार्कलेज अरीनात वाजवून गेला. ‘इन द एंड’ या जुन्या गाण्याला अख्खा हॉल गात होता. दुसऱ्या दिवशी सोबत आलेल्या ऑफिसातल्या जर्मन सहकाऱ्याला विचारलं, एमिली कशी वाटली? “चांगली होती. आवाज जरा मोठा होता.” बास. नावावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्याला शिवलाही नाही. मला आधी हा समंजसपणा वाटला. आता वाटतं, ही गिऱ्हाइकाची तृप्ती आहे: तिकीट काढलं, माल मिळाला, घरी गेलो. आमच्याकडे दहाजणांत एक कॉपी केलेली सीडी फिरायची आणि आमचं पार्क म्हणजे पार्क चौक. बँड तिथे कधी येणार नव्हता. त्याच्यावरून भांडणं हाच आमचा वाटा होता, आणि तो अजून कोणी सोडलेला नाही.

पण भांडा तर नीट भांडा. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, निघतात; पेलणारे खांदे पिढ्यान्‌पिढ्या बदलले, म्हणून काठीचं नाव कोणी बदललं का? यावर उत्तर आलं, “तिथं मान ठरलेला असतो. हिला मान कोणी दिला?” बँडचा दुसरा गायक माइक शिनोडाने दिला. बँड त्याने दोस्तांसोबत उभा केला, तेव्हा त्याचं नाव ‘झिरो’ होतं आणि गात होता मार्क वेकफिल्ड. चेस्टर १९९९ मध्ये आला. म्हणजे तोही दुसऱ्याच्या जागी आलेलाच. नव्या अल्बमचं नाव त्या जुन्या ‘झिरो’कडे बोट दाखवतं; सुरुवातीच्या काही सेकंदांच्या तुकड्यात एमिली त्याबद्दल विचारतानाही ऐकू येते. ज्याने तो तुकडाही ऐकला नाही, त्याने नावावर का बोलावं?

गाण्यांवर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ‘कॅज्युअल्टी’त ती घसा फाडते तेव्हा चेस्टरची आठवण येत नाही, हीच तिची जमेची बाजू. ‘ओव्हर ईच अदर’ तिच्या एकटीच्या जिवावर सोडलंय आणि मला ते फिकं वाटतं. शेवटचं ‘गुड थिंग्ज गो’ सगळ्यांत सरस. एमिली आणि माइक, दोघांचे आवाज एकमेकांना जागा देतात. आणि अकरा गाणी जेमतेम अर्ध्या तासात उरकलीत, ही घाई कशाला?

परवा त्या “नाव बदला”वाल्याने अखेर अल्बम पूर्ण ऐकला. त्याचा निरोप आला: “‘टू फेस्ड’ चोरलंय की बे. स्वतःच्याच घरातून.”